कांचेचें दार आणि घरचा आडोसा

घराचें दार हें घराचें तोंड होय, अशी आपली जुनी समजूत आहे. माणसाचें तोंड पाहून त्याच्या स्वभावाची कल्पना यावी. परंतु त्याच्या मनांतील प्रत्येक गोष्ट वाटसरूस वाचतां यावी, असें कोणी म्हणणार नाहीं. दाराचेंही तसेंच आहे. दारावरून घराची कळा कळावी. आंत कोण निजलें आहे, कोण जेवीत आहे, कोण औषध घेऊन पडलें आहे, हें रस्त्यानें जाणाऱ्यास कळण्याचें कारण नाहीं. अलीकडे पुढल्या दारास कांचेचीं तावदानें बसविण्याची चाल पडल्यामुळें ही साधी गोष्ट नव्यानें विचारांत घेणें प्राप्त झालें आहे. सबब या महिन्यांत तिचाच थोडा विस्तारानें विचार करूं.

भोरच्या पंचक्रोशींत, आमच्या उत्रोलींत सुद्धां, मातीच्या भिंतींचीं कौलारू घरें एकामागून एक जाऊन त्यांच्या जागीं स्लॅबचीं घरें उभीं राहत आहेत. जुन्या घरांत अंगण, पायऱ्या, ओसरी, माजघर आणि स्वयंपाकघर अशी एकामागें एक योजना असे. नव्या घरांत जागेची ओढाताण आणि खर्चाचा मेळ यांमुळें प्रथम बळी पडते ती ओसरी. पायऱ्या चढल्या कीं दार, आणि दार उघडलें कीं बैठकीची खोली. तीच मुलांच्या अभ्यासाची, तीच दुपारीं वडील मंडळींच्या विश्रांतीची. दोन्ही बाजूंस शेजाऱ्यांच्या भिंती असल्या म्हणजे उजेड येण्यास समोरची एकच वाट उरते. मग सुतार किंवा दुकानदार सुचवितो कीं, दारांतच दोन उभ्या कांचा घाला. सूचना वाईट नाहीं. भर दिवसां दिवा लावून बसण्यापेक्षां सूर्यप्रकाश घरांत येणें केव्हांही श्रेयस्कर. अडचण पुढेंच सुरू होते. उजेड ज्या वाटेनें आंत येतो त्याच वाटेनें परक्याची नजरही आंत येते. आणि या दोघांना वेगळें कसें करावें, हें दार बसवितांना कोणी सांगत नाहीं.

आपल्या पूर्वजांनीं ही सोय निराळ्या रीतीनें साधली होती. पेशवाईंतील वाडा घ्या. थोरल्या दरवाजाच्या पोटांत लहान दिंडी, दिंडींतून वांकून आंत गेल्यावर देवडी, देवडीपलीकडे चौक, चौकाच्या कडेनें सोपा किंवा ओसरी, आणि त्याच्याही पलीकडे माजघर. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजांतील दिंडी आजही पाहण्यास मिळते. भोरचा राजवाडा, किंवा वाईजवळ मेणवलीस कृष्णाकांठीं असलेला नाना फडणविसांचा वाडा ज्यांनीं पाहिला असेल, त्यांना ही बाहेरून आंत जाण्याची पायरीपायरीची रीत परिचित असेलच. गरिबाच्या घरीं चौक नव्हता, पण अंगण आणि ओसरी होती. येणारा माणूस ओसरीवर चढतांना खाकरत असे, किंवा “आहेत का घरांत?” अशी हांक देई. तेवढ्यांत आंतलें माणूस पदर सांवरी, पसरलेलें आवरी, निजलेल्या मुलावर पांघरूण घाली. जुन्या घराची रचना घरच्यांना जें देत होती, तें म्हणजे हा दोन क्षणांचा अवधि. यालाच मी आडोसा म्हणतों. कांचेच्या दारानें नाहींसा केला आहे तो हाच; आणि उजेड न गमावतां तो परत मिळविणें, एवढाच आजचा प्रश्न आहे.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. आडोसा म्हटला कीं कित्येकांस पडदानशीनीची आठवण होते. संस्कृत व्याकरण शिकलेल्यांस ‘असूर्यंपश्या’ हा शब्द ठाऊक असतो. जिला सूर्याचेंही दर्शन घडत नाहीं अशी राजस्त्री, असा त्याचा अर्थ. महाराष्ट्रांतील मध्यम स्थितीच्या घरांनीं हा आदर्श कधीं मानला नाहीं. आमच्या बायका नदीवर, देवळांत, पुढें शाळांत आणि कचेऱ्यांत उघडपणें वावरल्या. आडोसा हा घरांतील सर्वांसाठीं असतो. उघड्या अंगानें पंख्याखालीं बसलेल्या आजोबांना, पायाची पट्टी बदलून घेणाऱ्या रोग्याला, परीक्षेच्या धास्तीनें रडूं आलेल्या मुलाला, बाळंतपणास माहेरीं आलेल्या लेकीला तो सारखाच हवा असतो. एकत्र कुटुंबांत तर तो अधिकच हवा. कारण तेथें एकमेकांपासून एकांत मिळणें कठीण, निदान बाहेरच्यापासून तरी मिळावा.

आमच्या आळींतील एका घरची हकीकत सांगतों. दोन भावांचें एकत्र बिऱ्हाड. आई ऐंशीच्या पुढें. जुन्या ओसरीवर आजींची जागा ठरलेली होती. दुपारीं वाती वळीत त्या तेथें बसत आणि येणाऱ्याजाणाऱ्याची विचारपूस करीत. घर नवें झालें, ओसरी गेली, आणि दाराला माथ्यापासून पायापर्यंत निर्मळ कांच आली. उजेड भरपूर झाला; सर्वांस समाधान वाटलें. पण दोन महिन्यांतच आजी मागच्या खोलींत बसूं लागल्या. त्या खोलीला एकच लहान खिडकी. कापूस सुद्धां चांचपून घ्यावा लागे. कारण विचारलें तर प्रथम कांहीं सांगेनात. शेवटीं धाकट्या सुनेजवळ म्हणाल्या, “ओसरीवर बसत होतें तेव्हां मी लोकांना पाहत होतें. आतां लोक मला पाहतात.” ओसरी ही उघडीच जागा खरी, पण तेथें बसणारें माणूस चारचौघांत बसण्याच्या तयारीनें बसतें. घरांत बसलेलें माणूस तशा तयारीनें बसत नाहीं. जो उजेड घरासाठीं आणला, त्यानेंच घरांतील वडील माणसास अंधारांत धाडलें. त्या घरानें पुढें काय केलें, तें ओघानें येईलच.

उपाय योजण्यापूर्वीं कांचेचा स्वभाव समजून घेतला पाहिजे. साधी स्वच्छ कांच तिच्यावर पडणाऱ्या उजेडापैकीं सुमारें ९० टक्के पलीकडे जाऊं देते आणि सुमारें ८ टक्के परत फिरविते. तिला आंत-बाहेर कळत नाहीं. कळतो तो केवळ कमी-अधिक उजेड. भर उन्हांत उघड्यावरील प्रकाश सुमारें १ लाख लक्स असतो, तर घरांतील प्रकाश कांहीं शेंकड्यांतच मोजावा लागतो. त्यामुळें दिवसां बाहेरून पाहणाऱ्यास कांचेवर आकाशाचें आणि समोरच्या झाडाचें प्रतिबिंब अधिक दिसतें, आंतलें फारसें दिसत नाहीं. घरमालक निर्धास्त राहतो. दिवेलागण झाली कीं सगळें उलटतें. आंत दिवा, बाहेर काळोख. आतां आंतल्या माणसास कांचेंत स्वतःचेंच प्रतिबिंब दिसतें, आणि बाहेरच्यास संपूर्ण खोली. शास्त्रकार देहलीदीपन्याय सांगतात. उंबरठ्यावरचा दिवा आंत आणि बाहेर दोहोंकडे सारखाच उजेड देतो. कांचेच्या दाराचा न्याय निराळा: ज्या बाजूस उजेड अधिक, ती बाजू उघडी पडते.

बांगडीखेरीज कांचेची आपल्याकडे घरोघर ओळख झाली ती दिव्यामुळें. अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडांतून तळेगांव दाभाडे येथें १९०८ सालीं कांच कारखाना निघाला. पुढें १९१६ मध्यें ओगले बंधूंनीं कऱ्हाडजवळ आपला कारखाना काढला आणि त्यांचा ‘प्रभाकर’ कंदील खेडोपाडीं पोंचला. कंदिलाच्या कांचेचें काम काय? वाऱ्याला अडवावें आणि ज्योतीचा उजेड बाहेर जाऊं द्यावा. रात्रीं कांचेच्या दाराचें घर असाच एक मोठा कंदील होतें. ज्योतीच्या जागीं मात्र आपण असतों.

हें ध्यानांत ठेवलें म्हणजे बाजारांतील एका लोकप्रिय उपायाची परीक्षा सहज होते. आरशासारखी चकाकणारी एक फिल्म मिळते. ती कांचेवर डकवितात. “आंतून दिसतें, बाहेरून दिसत नाहीं,” असें विकणारा सांगतो. हें विधान सूर्यास्तापर्यंतच खरें आहे. ही फिल्म उजेडाचा मोठा भाग परत फिरविते, म्हणून ज्या बाजूस उजेड अधिक त्या बाजूस ती आरसा बनते. दिवसां आरसा बाहेरच्या अंगास; रात्रीं आरसा घरच्यांस आणि खिडकी परक्यास. काळसर कांचेचेंही असेंच. शिवाय दोहोंमुळें घरांत येणारा उजेड घटतो तो घटतोच, आणि ज्यासाठीं कांच बसविली तो मूळ हेतुच लंगडा पडतो. दिवेलागणीपूर्वीं दुसरा पडदा ओढण्याची शिस्त ज्या घरांत आहे, तेथें हा उपाय चालेल, एरवीं नाहीं.

शाळेंत पदार्थांचे तीन वर्ग शिकवितात: पारदर्शक, पारभासक आणि अपारदर्शक. पहिल्यांतून उजेड आणि आकृति दोन्ही जातात. तिसऱ्यांतून दोन्ही अडतात. मधल्यांतून उजेड जातो पण आकृति जात नाहीं. आपणांस हवा आहे तो हा मधला वर्ग. याचें सुंदर उदाहरण गोव्यांत आहे. तेथील कित्येक जुन्या घरांच्या खिडक्यांत कांचेऐवजीं चपट्या शिंपल्यांचे चौकोनी तुकडे लांकडी पट्ट्यांत बसविलेले दिसतात. प्राणिशास्त्रांत या शिंपल्यास प्लाकुना प्लासेंटा असें नांव आहे. त्यांतून ऊन चांदण्यासारखें मऊ होऊन आंत येतें, पण नजर तेथेंच थांबते. आणि रात्रीं आंत दिवा लावला तरी बाहेरून नुसती उजळलेली चौकट दिसते, माणसें दिसत नाहींत. आपल्याकडे जिला दुधी कांच म्हणतात, ती याच शिंपल्याची आजची जागा घेते.

दुधी कांचेचा पृष्ठभाग वाळूच्या माऱ्यानें किंवा आम्लानें खरखरीत केलेला असतो. त्या बारीक खांचाखळग्यांवरून उजेडाचे किरण वाटेल त्या दिशेस पांगतात, म्हणून उजेड येतो पण चित्र उमटत नाहीं. (आम्लाचें काम घरीं करूं नये, त्यासाठीं लागणारें हायड्रोफ्लुओरिक आम्ल अंगावर पडल्यास हाडापर्यंत इजा करणारें व जिवावर बेतणारें आहे.) या कांचेचा आणखी एक गुण आहे. तिच्या अगदीं जवळ उभ्या असलेल्या माणसाची छाया बरीच स्पष्ट दिसते. चार हात दूर असलेलें सर्व विरून जातें. म्हणजे दाराशीं कोणी आलें आहे, एकटें आहे कीं दोघेंतिघें आहेत, हें घरच्यांस कळतें. आणि खोलींत आंतल्या बाजूस बसलेलीं माणसें पाहुण्याच्या दृष्टीस पडत नाहींत. जुन्या ओसरीवरची खाकर जें काम करी, तेंच काम ही छाया करते.

मात्र एक गोष्ट आमच्या मावळपट्टींतील वाचकांनीं विसरूं नये. कागदावर तेलाचा थेंब पडला कीं तेवढा कागद पलीकडचें दाखवूं लागतो. कारण तेलानें कागदाच्या तंतूंमधील पोकळी भरून निघते. खरखरीत कांचेवर पाणी पडलें म्हणजे तेंच घडतें. खळगे पाण्यानें भरतात, पृष्ठभाग सपाट होतो, आणि दुधी कांच तेवढ्यापुरती निर्मळ कांच बनते. ज्या मुलखांत ज्येष्ठापासून भाद्रपदापर्यंत पाऊस दारावर झोडपतो, तेथें खरखरीत बाजू बाहेर ठेवली तर चारही महिने आडोसा धुऊन जाईल. ती बाजू नेहमीं घराच्या आंत असावी. तेलकट हातांचे डाग पडल्यासही असेंच होतें. ते साबणाच्या पाण्यानें पुसून काढावे.

आतां प्रत्यक्ष उपायांकडे वळूं. ज्यांचें दार आधींच निर्मळ कांचेचें आहे, त्यांनीं कांच बदलण्याची घाई करण्याचें कारण नाहीं. दुधी फिल्म कापून मिळते. कांच प्रथम स्वच्छ धुवावी. कडेची धूळ ब्रशानें काढावी. पाण्यांत साबणाचे दोनचार थेंब घालून तें कांचेवर शिंपडावें. फिल्म ठेवून मधून कडेकडे रबरी पट्टीनें पाणी व हवा सारावी. चौकटीच्या कडेला दोन मिलिमीटर जागा मोकळी सोडली म्हणजे कडा उचलत नाहींत. हें काम उन्हांत किंवा वादळी वाऱ्यांत करूं नये. भाड्याच्या घरांत राहणाऱ्यांनीं गोंदाशिवाय चिकटणारी फिल्म घ्यावी. घर सोडतांना ती सोलून काढतां येते. दार नवेंच करावयाचें असेल तर नक्षीची कांचही विचारांत घ्यावी. पण तिची परीक्षा दुकानांत न करितां घरीं करावी; कित्येक नक्षींतून लुगड्याचा रंग आणि हालचाल चांगलीच ओळखूं येते.

कागद खळीनें चिकटविण्याची जुनी रीत स्वस्त खरी. परंतु आमच्या दमट हवेंत त्यास बुरशी धरते आणि झुरळें लागतात. कापडी पडदा हा अधिक सोयीचा उपाय आहे. दारावरचा पडदा वर आणि खालीं अशा दोन सळयांवर ताणून बसवावा. एकाच सळईवर सोडला तर दार उघडतां-मिटतां तो झोके घेतो आणि नेमक्या वेळीं उघडा पडतो. पातळ मलमलीचा पडदा दिवसां पुरतो, रात्रीं पुरत नाहीं. बांबूच्या चिकाचीही हीच गत.

कांच किती उंचीपर्यंत झांकावी? उभ्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण पांच फुटांवर असतात. दाराबाहेरची पायरी उंबरठ्याच्या बरोबरीनें असेल तर खालून साडेपांच फुटांपर्यंत कांच झांकली म्हणजे बहुतेक काम होतें. वरचा भाग मोकळा ठेवावा, कारण आकाशाचा उजेड तेथूनच उत्तम येतो. समोर दुमजली घर असेल तर मात्र वरचाही भाग झांकणें भाग आहे. वर सांगितलेल्या आजींच्या घरीं हेंच केलें. खालची कांच साडेपांच फुटांपर्यंत दुधी झाली, वरची तशीच राहिली. आणि आजींची खुर्ची दाराच्या सरळ रेषेंतून काढून बाजूच्या भिंतीशीं लावली. हा खर्चाशिवायचा उपाय सर्वांनीं प्रथम करून पहावा. पुष्कळदां दोष कांचेकडे थोडा आणि आसनाच्या जागेकडे अधिक असतो. ज्यांच्याकडे जागा आहे, त्यांनीं दारापासून तीनचार फुटांवर छातीइतकी उंच लांकडी जाळी उभी करावी. देवडीचें काम ती चांगलें करते.

आडोसा करतांना सुरक्षितता सुटूं नये. दारांतील कांच साधी असूं नये. धांवत्या मुलाचा हात तिच्यांतून पार जाऊं शकतो. टफन केलेली कांच फुटली तर बोथट कण होतात. लॅमिनेटेड कांच फुटली तरी तुकडे मधल्या पापुद्र्यास धरून राहतात. टफन कांच तयार झाल्यावर कापतां येत नाहीं, म्हणून माप आधींच पक्कें द्यावें. कडी किंवा कुलूप तावदानालगत असलें तर कांच फोडून हात आंत घालणें चोरास सोपें जातें. तेथें लॅमिनेटेड कांचच बरी. आणि दार सर्व झांकून टाकल्यावर बाहेर कोण आहे हें ओळखण्यासाठीं दारांत बारीक भिंग बसवावें, तें घरांतील बुटक्यांतल्या बुटक्या मोठ्या माणसाच्या डोळ्यांशीं येईल अशा उंचीवर. दुपारीं घरांत एकटी राहणारी तीच असते.

कायद्यानेंही या विषयाची दखल घेतली आहे. १८८२ च्या सुविधाधिकाराच्या कायद्यांत, कलम १८ खालीं, शेजाऱ्याच्या एकांताचा भंग होईल अशी नवी खिडकी पाडूं नये या स्थानिक रूढीचें उदाहरण दिलें आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठानें खासगीपणा हा घटनेनें दिलेला मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. हे निर्णय शेजाऱ्याला आणि सरकारला मर्यादा घालतात. पण आपलेंच दार आपल्याच माणसांस उघडें पाडीत असेल, तर त्यावर कोणतें न्यायालय उपाय करणार? तो उपाय घरांतच केला पाहिजे.

म्हणून वाचकांस दोनच गोष्टी सुचवितों. पहिली: कोणताही उपाय केल्यावर रात्रीं घरांतले सर्व दिवे लावून घरच्यांपैकीं एकानें रस्त्यावर जावें, मग पायरीवर यावें, आणि काय दिसतें तें स्वतः पहावें. दिवसां घेतलेली परीक्षा ही परीक्षाच नव्हे. दुसरी: दार कसें असावें हें ठरवितांना, त्या खोलींत दिवसाचा अधिक वेळ ज्यांचा जातो त्यांना आधीं विचारावें. बहुधा तें घरांतील सर्वांत वडील, सर्वांत लहान किंवा आजारी माणूस असतें, आणि दाराची निवड दुसरेच कोणी करून येतात. आजींच्या घरीं आतां वाती पुढल्या खोलींत वळल्या जातात. कांचेवर छाया आली कीं ती पुरती थांबण्याआधींच आजी विचारतात, “कोण गं?” दार उघडलें जातें तें त्याच्यानंतर.